डोक्याची पहार: मातीतल्या सापांची कवटी आणि दीडशे वर्षांचा एक वाद

आजचा भाग सापांवर आहे. पण नाग, घोणस, मण्यार या नेहमीच्या मंडळींवर नाही. जे बहुतेक आयुष्य जमिनीखाली काढतात, ज्यांना विष नाही आणि जे पावसाळ्यात चुकून अंगणात आले तरच आपल्याला दिसतात, अशा सापांवर आहे. आणि त्यातही फक्त त्यांच्या कवटीवर.

आता तुम्ही म्हणाल, सापाच्या कवटीवर अख्खा भाग? हो. कारण एका प्रश्नावर शास्त्रज्ञ दीडशे वर्षं भांडतायत: पाय असलेल्या सरड्यासारख्या प्राण्याचा साप झाला, तो नेमका कुठे झाला? समुद्रात, जमिनीवर, की जमिनीच्या पोटात? या भांडणात पुन्हा पुन्हा पुरावा म्हणून पुढे आली ती मातीत राहणाऱ्या सापांची इवलीशी कवटी. ती वाचणाऱ्यांत एक आग्र्याचे प्राणिशास्त्रज्ञ होते. त्यांचं नाव मला तरी शाळेच्या पुस्तकात कधी भेटलं नाही.

सुरुवात आपल्या ओळखीच्या सापापासून करू. मांडूळ.

दर काही महिन्यांनी मराठी पेपरात एक ठरलेली बातमी येते. अमुक गावाजवळ सापळा रचला, मांडूळ विकायला आलेल्यांना पकडलं, किंमत म्हणे लाखांत, कधी कोटीत. घेणाऱ्याची समजूत काय असते? हा 'दुतोंड्या' आहे. याच्यामुळे गुप्तधन सापडतं, पैशांचा पाऊस पडतो, दुखणं बरं होतं. त्यात वजनाची अट: जितका जड तितका भाव. या समजुतीपायी एक निरुपद्रवी, उंदीर खाणारा, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित असलेला साप पोत्यातून आणि बादल्यांतून फिरवला जातो, आणि त्यातले कित्येक मरतात.

दुतोंड्या हे नाव पडलं कशावरून? मांडुळाची शेपटी निमुळती नसते, बोथट असते. जाडीला जवळजवळ डोक्याएवढीच. धोका वाटला की मांडूळ डोकं वेटोळ्याखाली लपवतो आणि शेपटी वर करून हलवतो. हल्ला झालाच तर तो शेपटीवर व्हावा, डोक्यावर नको, एवढाच त्याचा हिशोब. काही गारुडी तर शेपटीवर डाग देऊन डोळ्या-तोंडासारख्या खुणा करत, म्हणजे खेळ जास्त रंगतो. पण त्या शेपटीत हाडं आहेत ती मणक्यांची. तिथे कवटी नाही, मेंदू नाही, जबडा नाही. एक्स-रे काढला तर दहा सेकंदांत कळेल.

ही गैरसमजूत फक्त मांडुळापुरतीही नाही. १७९६ साली पॅट्रिक रसेल नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं भारतातल्या सापांवर एक मोठं चित्रमय पुस्तक काढलं. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता आणि विशाखापट्टणमला राहिला होता. त्या पुस्तकात एका अगदी बारीक सापाचं स्थानिक नाव त्यानं आपल्या इंग्रजी कानाला ऐकू आलं तसं लिहून ठेवलंय: 'रोंडू तालूलू पाम'. तेलुगूत रेंडु म्हणजे दोन, तल म्हणजे डोकं, पामु म्हणजे साप. दोन डोक्यांचा साप! हा कोण? आपला वाळा. गांडुळासारखा दिसणारा, वीतभर लांबीचा, कुंडीतल्या मातीत किंवा न्हाणीघराच्या मोरीत सापडणारा. लोक ज्याला गांडूळ समजून झाडूनं बाहेर लोटतात किंवा नाग समजून चपलेनं मारतात, तोच.

म्हणजे डोकं कुठलं आणि शेपटी कुठली इथूनच माणसाचा गोंधळ सुरू होतो. पण गोंधळ फक्त साध्या माणसांचा झाला असं समजू नका. मोठमोठ्या प्राध्यापकांनीही याच सापांची डोकी हातात घेऊन त्यांतून भलता अर्थ काढला असण्याची शक्यता आहे. ती गोष्ट आज सांगायची आहे.

त्याआधी दोन मिनिटं साधं शरीरशास्त्र. घाबरू नका, परीक्षा नाही.

एखादा अजगर किंवा धामण घ्या. त्याच्या कवटीचे मनातल्या मनात दोन भाग करा. पहिला भाग म्हणजे मेंदूची पेटी. सरड्याच्या कवटीत मेंदूच्या पुढच्या भागाला दोन्ही बाजूंनी हाडाची भिंत नसते, नुसता पडदा असतो. सापात मात्र वरची हाडं खाली उतरून ही पेटी चारही बाजूंनी बंद करतात. दुसरा भाग म्हणजे जबडा, आणि तो पेटीच्या अगदी उलटा: सगळं सैल. खालच्या जबड्याचे डावा आणि उजवा असे दोन भाग हनुवटीला हाडानं जोडलेले नसतात, मध्ये ताणला जाणारा बंध असतो. जबड्याची बिजागरी ज्या हाडावर असते त्याला क्वाड्रेट म्हणतात. अजगरात ते लांब असतं आणि कवटीच्या मागे टांगल्यासारखं असतं, त्यामुळे बाजूला झुलू शकतं. म्हणून साप स्वतःच्या डोक्यापेक्षा मोठं भक्ष्य गिळतो. साप जबडा 'निखळवतो' असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते चूक आहे. काहीही निखळत नाही, ते मुळातच सैल बांधलेलं असतं.

आता मातीतले साप बघू. सह्याद्रीत, म्हणजे आपल्याच घाटात, एक साप आहे: खापरखवल्या. त्याची शेपटी तिरकी छाटल्यासारखी सपाट आणि खडबडीत असते. तिच्यावर माती चिकटते आणि बीळ मागून बुचासारखं बंद होतं. या घराण्यात पन्नासहून जास्त जाती आहेत आणि ते जगात फक्त दक्षिण भारतात, पश्चिम घाटाच्या पट्ट्यात आणि श्रीलंकेत सापडतं. दुसरीकडे कुठेच नाही. आपल्याकडची एक जात आहे फिप्सनचा खापरखवल्या. एच. एम. फिप्सन हे मुंबईतले वाइनचे व्यापारी आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सुरुवातीच्या काळातले सचिव. १८८८ साली या सापाला त्यांचं नाव मिळालं.

या खापरखवल्याची कवटी अजगराशेजारी ठेवली तर दोन्ही सापच आहेत यावर विश्वास बसत नाही. नाकाकडची हाडं एकमेकांत घट्ट बसून एक मजबूत शंकू तयार होतो, पहारीच्या टोकासारखा. जबडा आखूड. क्वाड्रेट आखूड. अजगरात क्वाड्रेट ज्या हाडाला टांगलेलं असतं ते हाड इथे अगदी छोटं तरी आहे किंवा नाहीच. म्हणजे तोंड मोठं उघडायची सोयच काढून टाकलेली. बरोबरच आहे, याचं मुख्य अन्न गांडूळ. गांडूळ गिळायला तोंडाचा आ वासावा लागत नाही.

मग ही पहार मारतो कशानं? माणूस पहार हातांनी मारतो, या सापाला हात नाहीत. १९७८ साली कार्ल गान्स आणि दोन सहकाऱ्यांनी सायन्स या मासिकात याचं उत्तर दिलं. गान्स मूळचे हॅम्बुर्गचे. हिटलरच्या जर्मनीतून निघून अमेरिकेत गेले आणि जमिनीत राहणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांवर त्यांनी खूप मोठं काम केलं. त्यांनी दाखवलं की खापरखवल्याच्या अंगाच्या पुढच्या भागात जाड, लालभडक, न थकता काम करणारे स्नायू असतात आणि मागच्या भागात ते फारच कमी. पुढचं इंजिन, मागचे डबे. त्यांनी उपमाच मालगाडीची दिली. साप पुढच्या भागातला कणा कातडीच्या आतल्या आत नागमोडी वाकवतो. त्यामुळे अंग फुगतं आणि बिळाच्या भिंतींना घट्ट टेकतं. मग तो कणा सरळ करतो आणि डोकं पुढच्या मातीत रेटलं जातं. त्याआधी १९५९ साली हार्वर्डच्या अर्नेस्ट विल्यम्स यांनी याच सापांच्या डोक्या-मानेच्या सांध्यावर लिहिलं होतं. कवटीच्या मागचा गोळा लांब बाहेर आलेला असतो आणि मानेशी सांधा इतर सापांपेक्षा वेगळा असतो. त्यामुळे डोकं मानेवर चांगलं वळतं. माती नुसती टोचायची नसते, बाजूला सारायचीही असते.

आणि वाळा? त्याची कवटी जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. खालच्या जबड्यात एकही दात नाही. वरच्या जबड्याची दोन छोटी हाडं आडवी टांगलेली, त्यांवर मोजके दात. ही हाडं पुढे-मागे फिरतात आणि मुंग्यांची, वाळवीची पिल्लं आणि कोष आत ओढतात. दंताळ्यानं गवत ओढावं तसं. वाळ्याच्या काही लांबच्या नातेवाइकांत बरोबर उलटं आहे: दात फक्त खालच्या जबड्यात. १९९९ साली नेट क्ले आणि एलिझाबेथ ब्रेनर्ड यांनी नेचर मासिकात दाखवलं की त्यांच्या खालच्या जबड्याची पुढची दोन टोकं झुलत्या दारांसारखी आत-बाहेर होतात आणि अन्न घशात ढकलतात. मुंग्यांच्या वारुळात फार वेळ थांबणं परवडत नाही, म्हणून हे सगळं अतिशय झपाट्यानं चालतं.

आता इतिहासाकडे येऊ.

१८३१ साली जर्मनीत योहानेस म्युलर या शरीरशास्त्रज्ञानं सापांची मांडणी तोंडावरून केली. मोठ्या तोंडाचे साप एका गटात, लहान तोंडाचे दुसऱ्या गटात. तेव्हा डार्विनचं पुस्तक यायला अजून अठ्ठावीस वर्षं होती, त्यामुळे यात कोण कोणाचा पूर्वज हा प्रश्न नव्हता. नुसती कपाटातल्या खणांसारखी मांडणी होती. पण हे खण पुढे फार चिवट ठरले.

उत्क्रांतीचा विचार रुजल्यावर पहिला मोठा दावा समुद्राच्या बाजूनं झाला. १८६९ साली अमेरिकेच्या एडवर्ड ड्रिंकर कोप यांना डायनोसॉरच्या काळातल्या मोसासॉर या प्रचंड समुद्री सरड्यांच्या जबड्यात सापांची आठवण झाली. त्या जबड्यातही मधे एक सांधा होता. त्यांनी मोसासॉरांच्या गटाला नावच दिलं 'अजगरासारखे'. पुढे हा विचार उचलून धरला बॅरन फ्रान्झ नोप्चा यांनी. हा गृहस्थ म्हणजे एक स्वतंत्र भाग होईल. ट्रान्सिल्व्हेनियातले सरदार, जीवाश्मांचे अभ्यासक, आणि एके काळी अल्बेनियाच्या गादीसाठी स्वतःचं नाव पुढे करणारे. असो. १९२३ पर्यंत समुद्राची बाजू चांगलीच मजबूत झाली होती.

आणि इथे आग्रा येतं. बेनी चरण महेंद्र. १९३६ साली त्यांनी इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या प्रोसीडिंग्जमध्ये वाळ्याच्या संपूर्ण हाडांच्या सांगाड्याचं वर्णन छापलं. जरा विचार करा. आजचं स्कॅनिंग नाही, संगणक नाही. तांदळाच्या दाण्याएवढी कवटी, ती स्वच्छ करायची, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक हाड ओळखायचं आणि हातानं चित्र काढायचं. ज्या प्राण्याला आपण मोरीतून लोटून देतो, त्याच्यावर कोणीतरी इतकं बारीक काम करत होतं. आणि दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, त्यांनी एका जर्मन शरीरशास्त्रीय मासिकात पुढचं पाऊल टाकलं: सापांचे पूर्वज जमिनीत राहणारे असावेत.

हा विचार लगेच दुसऱ्या दिशेनंही आला. अमेरिकेतल्या गॉर्डन वॉल्स यांनी १९४० मध्ये आणि मग १९४२ च्या त्यांच्या प्रसिद्ध ग्रंथात डोळ्यांवरून तेच म्हटलं. सरडा जवळचं बघताना डोळ्यातल्या भिंगाचा आकार बदलतो. बहुतेक साप भिंगाचा आकार न बदलता ते पुढे-मागे सरकवतात. सरड्याच्या डोळ्यात हाडांचं एक कडं असतं, सापाच्या डोळ्यात ते नाही. वॉल्स म्हणाले, हा जुना डोळा सुधारलेला दिसत नाही. अंधारात निकामी होत गेलेला डोळा पुढे उजेडात आल्यावर जमेल तसा पुन्हा उभा केलेला दिसतो. १९५१ साली ब्रिटनच्या अँगस बेलेअर्स आणि गार्थ अंडरवुड यांनी सगळा पुरावा एका लांब लेखात एकत्र केला. बाहेरचा कान नाही, पापण्या नाहीत, पाय नाहीत, मेंदूची पेटी सगळीकडून बंद. प्रत्येक गोष्ट मातीत शिरणाऱ्या प्राण्याला शोभणारी. ही बाजू भक्कम होत गेली आणि पुढची कित्येक दशकं पुस्तकांत तीच राहिली.

इथपर्यंत सगळं ठीक. पण यातून एक शिडी तयार झाली. सगळ्यात खालच्या पायरीवर वाळा, वर खापरखवल्यासारखे लहान तोंडाचे, वर अजगर, आणि टोकाला नाग-घोणस. सापांचा पूर्वज मातीतला होता, वाळा आणि खापरखवल्या मातीत राहतात, म्हणून ते पूर्वजासारखे. लहान तोंड म्हणजे जुनं तोंड. मोठं तोंड म्हणजे प्रगत तोंड. म्युलरच्या खणांची आता शिडी झाली होती.

या वाक्यात उडी कुठे मारली ते दिसतंय का? पूर्वज मातीत राहत होता, हे क्षणभर मान्य करू. पण म्हणून आज मातीत राहणारा प्रत्येक साप तेव्हापासून तिथेच बसून आहे, हे कुठून आलं? तो मध्येच बाहेर येऊन पुन्हा आत गेला नसेल कशावरून?

शिडी हलायला सुरुवात झाली ती पश्चिम आशियातून. रामल्लाजवळच्या ऐन याब्रूदच्या दगडखाणीतून काही जीवाश्म निघाले होते. १९७९ साली जेरुसलेमच्या गेओर्ग हास यांनी त्यांतल्या एकाला नाव दिलं पॅकिरॅकिस. ते त्यांना सापासारखा सरडा वाटलं. १९९७ मध्ये मायकेल काल्डवेल आणि मायकेल ली यांनी नेचरमध्ये जाहीर केलं: हा सरडा नाही, साप आहे, आणि त्याला मागचे दोन छोटे पाय आहेत. आणि तो समुद्रात राहणारा. कोपच्या पक्षात पुन्हा जीव आला. पण २००० साली त्याच ठिकाणच्या दुसऱ्या पायवाल्या सापाचं, हासिओफिसचं, वर्णन आलं आणि त्याच्या अभ्यासकांनी कवटीकडे बोट दाखवलं. म्हणाले, पाय असले तरी तोंड मोठ्या तोंडाच्या सापांचं आहे. हा पूर्वज नाही, शिडीवरचा वरचा कोणीतरी आहे. बघा, तीच कवटी, आणि दोन्ही बाजू तिलाच साक्षीला उभं करतायत.

मग आपल्याकडची साक्ष आली. नागपूरला जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात काम केलेले धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात गुजरातच्या ढोली डुंगरी या गावी डायनोसॉरची अंडी आणि शेजारी छोटी हाडं मिळाली. ती अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाची वाटली. २००१ साली अमेरिकेचे जेफ्री विल्सन यांनी तो दगड पाहिला आणि त्यांना काही मणके सापाचे दिसले. २०१० मध्ये दोघांनी आणखी सहकाऱ्यांसह त्याला नाव दिलं: सनाजेह इंडिकस. सुमारे साडेतीन मीटर लांब, ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा, डायनोसॉरच्या घरट्यात अंड्याभोवती वेटोळं घालून गाडला गेलेला. तो गाजला डायनोसॉरची पिल्लं खाणारा साप म्हणून. आपल्यासाठी मात्र त्याचा जबडा महत्त्वाचा आहे. अजगराइतका आ वासता येईल असा तो नव्हता. पण अंग एवढं मोठं की नुकतं जन्मलेलं पिल्लू खायला जबड्याची ती करामत लागत नव्हती. म्हणजे जुन्या काळात मधल्या मापाच्या तोंडाचे मोठे सापही होते, आणि ते मातीत शिरणारे नव्हते.

शिडीला सगळ्यात मोठा धक्का दिला डीएनएनं. रेणूंवरून नाती तपासली तेव्हा बहुतेक अभ्यासांत आपला खापरखवल्या अजगरांच्या जवळ येऊन बसला. दक्षिण अमेरिकेतला लहान तोंडाचा अनिलियस नावाचा मातीतला साप तर मोठ्या तोंडाच्या बुटक्या बोआंचा सख्खा नातेवाईक निघाला. म्हणजे 'लहान तोंडवाले' हे एक घराणं नाहीच. मग दोनच मार्ग उरतात. एक तर मोठं तोंड एकाहून जास्त वेळा तयार झालं. किंवा काही सापांचं तोंड मोठं होतं आणि मातीत गेल्यावर त्यांनी ते सोडून दिलं.

कॅनडात कॅथरीन स्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लहान तोंडांकडे सुटं सुटं करून पाहिलं. त्यांचं म्हणणं साधं आहे. 'लहान तोंड' हा शब्दच फसवा आहे. वाळ्याचं लहान तोंड वरच्या जबड्यानं चालतं. त्याच्या काही नातेवाइकांचं खालच्या जबड्यानं. खापरखवल्यासारख्यांचं तिसऱ्याच पद्धतीनं, नाकाडाची हाडं थोडी थोडी सरकवत. बाहेरून तिन्ही सारखी, आतली यंत्रं वेगळी. रिक्षा, टेम्पो आणि ट्रॅक्टर तिन्ही हळू जातात म्हणून त्यांची एक जात ठरत नाही, तसंच.

मग मूळ प्रश्नाचं काय? पूर्वज कुठला? तिथे अजून एकमत नाही. २०१५ साली होंग्यू यी आणि मार्क नोरेल यांनी अर्जेंटिनातल्या डिनिलिसिया या जुन्या सापाच्या कवटीचं सीटी स्कॅन केलं. आतल्या कानाचा एक भाग मोठा, गोल फुगलेला निघाला, जसा आज बिळात राहणाऱ्या सापांत असतो. जमिनीतून येणारी हलकी कंपनं टिपायला तो उपयोगी पडत असावा. निष्कर्ष: मातीवाले बरोबर. दोन वर्षांनी अलेस्सांद्रो पाल्ची आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं की नुसत्या कानाच्या आकारावरून एवढं ठाम म्हणता येणार नाही. २०१८ मध्ये हेलसिंकीहून सापांच्या आणि सरड्यांच्या कवट्यांची मोठी तुलना आली, भ्रूणांसकट. ती म्हणते, आज जिवंत असलेल्या सगळ्या सापांचा सामाईक पूर्वज छोट्या कवटीचा, मातीत शिरणारा होता. पण त्याच्याही मागचे, अजून जुने, जमिनीवर वावरणारे होते. आणि २०१९ मध्ये अर्जेंटिनाच्या फर्नांडो गार्बेरोग्लिओ यांच्या गटानं नाजाश या मागचे पाय असलेल्या, सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीच्या सापाच्या उत्तम कवट्या पुढे आणल्या. त्यांत गालाचं हाड शाबूत होतं, जे आजच्या सापांत नाहीसं झालंय. त्यांचं मत: सुरुवातीचे साप मोठ्या अंगाचे, मोठ्या तोंडाचे होते.

आता ऐकताना वाटेल, एवढं सगळं करून उत्तर नाहीच? माझ्या मते एक उत्तर मिळालंय आणि ते छोटं नाही. आजचा वाळा किंवा खापरखवल्या हा पूर्वजाचा जपून ठेवलेला फोटो नाही, हे आता पक्कं होत चाललंय. तो शिडीच्या खालच्या पायरीवर अडकलेला, प्रगती न झालेला साप नाही. तोही बाकीच्यांइतकीच कोट्यवधी वर्षं बदलत आलाय, फक्त मातीच्या कामासाठी. त्याच्या कवटीत हाडं कमी आहेत, सांधे कमी हलतात, डोळा खवल्याखाली गेलाय. हे सगळं कमावलेलं आहे. साधी दिसते म्हणून ती कवटी जुनी मानली गेली.

यात महेंद्रांचं काम कुठे बसतं? त्यांचा निष्कर्ष पूर्ण बरोबर ठरेल का, हे अजून ठरायचंय. पण त्यांनी काढलेली हाडं तीच आहेत. सिद्धांत पुढे-मागे झाले, १९३६ मधलं वाळ्याच्या सांगाड्याचं वर्णन मात्र आजही उपयोगी पडतं.

आणि यात आपलं काय? दोन गोष्टी.

पहिली, घाटातली. २०१६ मध्ये खापरखवल्याच्या घराण्यातल्या एका काळ्या सापाला नवीन जात म्हणून ओळख मिळाली: मेलॅनोफिडियम खैरेई. पुण्याचे सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांच्या नावावरून. हे काम केलं डेव्हिड गोवर, वरद गिरी, अशोक कॅप्टन आणि मार्क विल्किन्सन यांनी. हा साप दक्षिण महाराष्ट्र, गोवा आणि उत्तर कर्नाटकात राहतो. तो नवीन आला नव्हता, तिथेच होता. पण तोवर त्याला दुसऱ्याच एका जातीच्या नावानं ओळखत होते. या घराण्यातल्या अनेक जाती काही मोजक्या डोंगरांपुरत्याच आहेत. माती उकरणारं यंत्र आलं की पक्षी उडून जातो, बिबट्या निघून जातो. मालगाडीचं इंजिन असलेला वीतभर साप किती लांब जाणार? घाटात रस्ता किंवा रिसॉर्ट होताना झाडं किती तोडली ते मोजतात. खालची माती कोणी मोजत नाही.

दुसरी गोष्ट मांडुळाची. मांडूळही मातीतला साप आहे. त्याचं नाकाड पाचरीसारखं आहे. पण त्याचं तोंड मात्र मोठं उघडतं, कारण त्याला उंदीर गिळायचे असतात. म्हणजे मातीत शिरायचं आणि मोठं भक्ष्यही गिळायचं, दोन्ही कामं जमवणारी ती कवटी आहे. शेतातले उंदीर कमी करणारा हा साप. त्याच्याकडे बघण्यासारखं जे आहे ते पुढच्या टोकाला आहे, आणि बाजार मात्र मागच्या टोकाचा चाललाय.

तेव्हा तुमच्या ओळखीत कोणी 'दुतोंड्याला गिऱ्हाईक आहे' असा मेसेज पाठवला, तर पुढे ढकलू नका. वनविभागाला किंवा जवळच्या सर्पमित्राला कळवा. आणि पावसाळ्यात मोरीत चकचकीत गांडुळासारखं काही वळवळताना दिसलं, तर चप्पल खाली ठेवा. कागदावर उचला आणि कुंडीत सोडा. जाताना टॉर्च लावून एकदा नीट बघा, दोन काळे ठिपके कुठल्या टोकाला आहेत. ते डोळे. डोकं तिकडे आहे.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात वाळ्याला, खापरखवल्याला, मांडुळाला काय म्हणतात ते मला नक्की लिहून पाठवा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.